पाऊस पडेपर्यंत राहतो

अण्णांनी यायच्या आधीच अट घातली होती. "पाऊस पडेपर्यंत राहतो. रानात ओल झाली की मला विमानात बसवून द्यायचं. मग तुझी कारणं चालायची नाहीत." मी हो म्हणाले. त्या वेळी मी कशालाही हो म्हणाले असते.

आई उन्हाळ्याच्या तोंडाला गेली. बहारीनहून विमानं बदलत, पुढं जीप करून मी गावात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं आणि भावकीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन दारात बसल्या होत्या. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "जेवलीस का?" मी त्यांची एकुलती एक. त्यांची सत्तरी उलटलेली, रक्तदाबाच्या गोळ्या आठवल्या तर घेणार, नाही तर नाही. आदल्याच वर्षी घराला लागून असलेल्या आपल्या पिठाच्या गिरणीत चक्कर येऊन पडले होते. तेव्हा घरात आई होती म्हणून कळलं. आता पडले तर कुणाला कळणार, कोण दार उघडून बघणार, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो निघेना. एकदा इथं आणायचं आणि मग जाऊच द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. अट गेली उडत.

आमचा तालुका म्हणजे सातारा जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. माणदेश. उंचावरचं उघडंबोडकं माळरान, वारा अडवायला एक झाड नाही. ढग घाटमाथ्यावर सगळं ओतून येतात आणि आमच्यावरून रिकाम्या टँकरसारखे नुसते खडखडत जातात. लोकांच्या पेरण्या जूनमध्ये होतात, आमच्याकडं जूनमध्ये धुरळा. आमचा पाऊस भाद्रपदात, परत जाता जाता, आठवण झाल्यासारखा पडतो. त्यावर शाळू पेरायचा आणि वर्ष काढायचं. तोही पाऊस गावाला पडतो, तालुक्याला नाही. ओढ्याच्या अलीकडं चिखल आणि पलीकडं फुफाटा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मोबाईलमध्ये ढग दिसला काय आणि वीज दिसली काय, आमच्याकडं कुणी त्याला भीक घालत नाही. गावातल्या माणसाला फोन लावायचा आणि विचारायचं, पडला का? तेवढीच बातमी खरी.

पण हवा कोरडी, हे सुख होतं. ऊन कातडं भाजून काढायचं, पण घाम अंगावर राहायचा नाही. सावलीत शिरलं की जीव थंड व्हायचा. आणि कधी नव्हे ते अंग चिकट झालं, वारा पडला, गळ्याशी घामाची धार लागली, की शेंबड्या पोरालाही कळायचं, आज संध्याकाळी येणार. मग वाळवण आत, सरपण आत, शेळ्या आत. घाम आला की पाऊस आला. हा आमच्या मुलखाचा कायदा आणि त्याला कधी अपवाद झालेला आम्ही बघितलेला नाही.

अण्णा जूनमध्ये आले तेव्हा इथं शमाल सुटलेला होता. उत्तरेकडून येणारा कोरडा वारा, धुळीनं भरलेला, दुपारी तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. आम्ही सगळे खिडक्या लावून एसीत बसलेलो, आणि हे बाल्कनीत खुर्ची टाकून खुशाल. म्हणाले, "हे तर आपलंच ऊन की गं. उगाच नावाला परदेश."

मला बरं वाटलं. म्हटलं, रुळतील. झिंज भागात आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे आपलं किराणा दुकानच, इथं त्याला तसं म्हणतात. तिथला मल्याळी दुकानदार आणि अण्णा, दोघंही हिंदीची चटणी करत तासभर बोलायचे. तिथून अण्णा एक शब्द शिकून आले. मफी. म्हणजे नाही. घरात चहाची साखर संपली तरी मफी, गोळी घेतली का विचारलं तरी मफी. थंड पाण्याचा नळ सोडल्यावर उकळतं पाणी येतं आणि गरम पाण्याचा गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी थंड म्हणून अंघोळीला घ्यायचं, ही इथली उन्हाळ्याची तऱ्हा बघून ते पोट धरून हसले होते. गावाला फोन करून सगळ्यांना सांगितलं. आई गेल्यानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा बघितले.

जुलै संपता संपता शमाल पडला आणि समुद्राची हवा आत आली. ज्यानं इथला ऑगस्ट काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. दाराची कडी ओली, गाडीचं टप ओलं, रस्त्यावर एक थेंब नाही आणि तरी सगळं ओलं. संध्याकाळ झाली तरी उतार नाही, पहाटेही नाही. अण्णांनी चाळीस वर्षं गिरणी चालवलेली. डब्यातलं ज्वारीचं पीठ त्यांनी मुठीत दाबून बघितलं, मूठ उघडली तर पिठाचा लाडू तसाच राहिला. त्यांचे डोळे चमकले. "आज येणार बघ."

मी समजावलं. म्हटलं, अण्णा, ही समुद्राची वाफ आहे, इथं ऑक्टोबरपर्यंत असंच असतं, पाऊस बिऊस काही येत नाही. माझ्या लेकीनं मोबाईल दाखवला आणि इंग्रजीत तेच सांगितलं. ते मान डोलवायचे आणि चार वाजले की खुर्ची घेऊन बाल्कनीत. पालथ्या घड्यावर पाणी. शर्ट पाठीला चिकटलेला, धोतर मांड्यांना चिकटलेलं, आणि नजर वर. दिवस मावळला की खुर्ची ओढत आत यायची. "आज हुकला. उद्या."

उद्या, परवा, तेरवा. येतो येतो म्हणून न येणाऱ्या पाहुण्यासाठी घर कसं होतं, तसं आमचं घर झालं. बसल्या जागी कुणाला बसवेना. अण्णा उठायचे, खिडकीशी जायचे, परत बसायचे. त्यांना माझं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. डोकं ऐकत होतं, पण सत्तर वर्षांचं कातडं ऐकत नव्हतं. ते रोज सांगत होतं, आलाच, आलाच. त्यांची भूक गेली. मला तर त्यांच्या खुर्चीचा आवाज आला तरी चीड यायची आणि नाही आला तरी मी उठून बघायला जायचे.

मग तो कपड्यांचा तमाशा झाला. मी तुबलीला एका वर्कशॉपचं ऑफिस सांभाळते. तिथं दुपारी मला खालच्या मजल्यावरच्या खालाचा फोन आला. ही रत्नागिरीकडची, तीस वर्षं बहारीनमध्ये, बिल्डिंगमधल्या सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. म्हणाली, "घरी ये. तुझ्या बापानं अख्ख्या बिल्डिंगचे कपडे गच्चीवरून उतरवून आणलेत."

पोचले तर जिन्याच्या वळणावर कपड्यांचा ढीग. तिसऱ्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सचे युनिफॉर्म, इजिप्तच्या मास्तरांचे पायघोळ झगे, कुणाच्या सलवारी, कुणाच्या चादरी, लंगोट, सगळं एकात एक. माणसं आपापलं उपसत उभी. अण्णा मध्ये उभे, घामानं निथळत, चेहऱ्यावर मोठं काम केल्याचा आनंद. "वारा पडला, आभाळ पांढरं झालं, म्हटलं कुणाचं भिजायला नको." गच्चीवरून जिन्यानं किती फेऱ्या मारल्या होत्या कोण जाणे. इजिप्तचे मास्तर हसत हसत आपला झगा शोधत होते. खाला म्हणाली, "चाचा, आमच्या रत्नागिरीला घाम पण आणि पाऊस पण. हितं नुसता घाम. पाऊस मफी."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. वर येऊन त्यांनी एसी बंद केला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. माझं डोकं फिरलेलं. अर्धा दिवस ऑफिस सोडून आले होते आणि या वयात त्यांना जिने चढ-उतर करून काही झालं असतं म्हणजे? मी म्हटलं, "अण्णा, लोक हसतात."

"हसू देत," ते म्हणाले. "पडला असता तर म्हणाले असते, म्हातारा शहाणा होता."

त्या दिवसानंतर त्यांनी इथल्या आभाळाकडं बघायचं सोडलं. बाल्कनीतली खुर्ची आत आली. आता उरला फोन. सकाळी चहा झाला की ते गावातल्या माझ्या चुलतभावाला फोन लावायचे. बाल्कनीत उभं राहून, मोठ्यानं, जसं काही आवाज वायरीतून न जाता समुद्रावरून ढकलत न्यायचाय. "पडला का रं?" मग ऐकायचे. मग आत येऊन मला सांगायचे, "नाही. कोरडं."

आणि मला आनंद व्हायचा.

आता हे कसं सांगू? ज्या गावात पहिली सर आली की बाया अंगणात उतरून हात जोडतात, त्या गावची मी पोरगी. हंडाभर पाण्यासाठी आईबरोबर माळ तुडवलेला. आणि मी इथं गार खोलीत देवासमोर उभी राहून म्हणत होते, एवढं वर्ष नको पाडू. एक म्हातारा माणूस माझ्यापाशी राहावा म्हणून मी अख्ख्या गावाचा घसा कोरडा ठेवायला निघाले होते. ऑफिसात बसलं तरी चित्त नाही. मोबाईलवर त्या भागावर ढग दिसला की हातातलं काम सुटायचं, सरकला की परत हातात. ज्यावर विश्वास नाही तेच दर तासाला उघडून बघायचं, असली माझी गत.

नवऱ्याच्या हे लक्षात आलं होतं. तो मुहर्रकला विमानतळावर शिफ्टमध्ये काम करतो. मूळचा पुण्याचा, पुण्याच्या माणसाला पाऊस म्हणजे कांदाभजी. एकदा शिफ्टला निघताना बूट घालत म्हणाला, "त्यांना जायचंय ना, मग जाऊ दे. बांधून ठेवून माणूस राहतो का?"

"तुमच्या वडलांपाशी तुमचे तीन भाऊ आहेत," मी म्हणाले, "तुम्हाला बोलायला काय जातंय?"

बुटाची नाडी बांधून झाल्यावरही तो जरा वेळ तसाच वाकून राहिला आणि मग गेला. मी त्याच्या मागं दार जरा जास्तच जोरात लावलं.

अण्णांना रमवायचे सगळे उपाय केले. बाजरीचं पीठ मागवलं, खर्डा केला, सुट्टीच्या दिवशी गाडीत घालून मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या दाखवल्या. तिथून समुद्राकडं नेलं. पाण्याकडं बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पाणी, आणि वर ढग एक नाही. कसला मुलूख हा." तरी परतताना त्यांनीच होऊन विचारलं, पुढच्या आठवड्यात परत येऊ का इकडं. मला वाटलं, चला, जरा तरी.

सप्टेंबर आला. गणपती झाले. रोजचा फोन चालूच होता, पण आता तो लवकर आटपायला लागला, आणि आवाजही पहिल्यासारखा चढत नव्हता. "कोरडं," एवढं सांगून ते पेपर घेऊन बसायचे. व्हिसा वाढवायचा होता, मी भीतभीत पासपोर्ट मागितला. मला वाटलं होतं आता भांडण. त्यांनी पिशवीतून काढून दिला. तिकिटाचं नाव नाही. जेवायला लागले. गोळ्या स्वतःहून घ्यायला लागले. मला जे पाहिजे होतं ते सगळं होत होतं.

आणि मला आता वेगळीच धास्ती बसली. सप्टेंबर सरत आला तरी गावात थेंब नाही म्हणजे हा दुष्काळ झाला. मोबाईलवर ढग दिसायचे, पण आमच्याकडं ते नुसते खडखडत जातात हे ठाऊक, खरी बातमी अण्णांच्या फोनची. जनावरं छावणीत जाणार, टँकर लागणार, शाळू पेरायचाच नाही. मी मागितलं होतं एका माणसापुरतं, आणि देवानं माप भरून पदरात घातलं असं वाटायला लागलं. नळाला पाणी सोडलं की वाटायचं, तिकडं बाया कुठून भरत असतील? अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, "भागतंय त्यांचं. तू कशाला काळजी करतेस." ज्या माणसानं गेले दोन महिने पावसासाठी घर डोक्यावर घेतलं तो माणूस दुष्काळाबद्दल असं गार कसा बोलतो, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी अण्णा दूध आणायला खाली गेले होते. राहवेना म्हणून मी गावाला वहिनीला, त्या चुलतभावाच्या बायकोला, फोन लावला. विचारलं, टँकर सुरू झाले का? पाठवायचं का काही?

"कसला टँकर?" वहिनी म्हणाली. "आठ दिस झालं, लागून राहिलाय. आत्ताबी चालूच हाय. ओढ्याला पूर आला, शाळा बंद ठिवलीया. आमचं रान पेरायचं हाय, तुमचंबी. अण्णांनी ह्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं, यंदा माझं रान तूच कर म्हणून. तुम्हाला ठाव न्हाई व्हय?"

मी म्हटलं, ठाऊक आहे, विसरले होते. फोन ठेवला. पहिल्यांदा आला तो राग. इतका राग की ओट्यावरची भांडी मी उगाच इकडची तिकडं केली. अण्णा आले, घामानं डबडबलेले, हातात दुधाची बाटली आणि कोथिंबीर.

"अण्णा, गावाला पाऊस झाला?"

त्यांनी बाटली फ्रिजमध्ये ठेवली. कोथिंबीर खाली ठेवली. "झाला," म्हणाले.

"आणि मला रोज कोरडं सांगत होता?"

"ओरडू नको. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू! तुम्हीच म्हणाला होता ना, पाऊस पडला की जाणार? मी इथं जीव टांगणीला लावून बसले. रोज वाटतंय आज निघतील, उद्या निघतील. आणि तुम्ही रान दुसऱ्याला देऊन मोकळे? वर मला थापा?"

ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पंच्यानं मान पुसली, परत पुसली. "म्हणालो होतो," ते म्हणाले. मग पंचा खांद्यावर टाकला. "पाऊस लागला की धाबं गळतं."

आमच्या भागात पाऊस नाही म्हणून घरांना उतरती छपरं नसतात. मातीचं सपाट धाबं. वर्षातून एकदा झडीचा पाऊस लागतो आणि तेव्हा ते हमखास कुठं ना कुठं गळतं. अण्णा पोतं पांघरून, घमेल्यात पांढरी माती घेऊन वर चढायचे. आई आत, टपटपीखाली पातेलं लावून, तोंड वर करून ओरडायची: तुळईच्या अंगाला. अजून पुढं. देव्हाऱ्याकडं घ्या. हां, थांबलं. मी लहानपणी त्या दोघांच्या ओरडण्यात झोपून जायचे.

"चढायला काय, अजून चढतो मी," अण्णा म्हणाले. "पण वरनं दिसत नाही गं कुठं गळतंय ते. खालनं कुणीतरी सांगावं लागतं."

दोन महिने मी पाऊस पडू नये म्हणून देवाला साकडं घालत होते. तो पडला आणि त्यांनीही तो पडलाच नाही असं ठरवून टाकलं. मी म्हटलं, "मला सांगायचं. मी आले असते. मी उभी राहिले असते खाली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहान पोराला सांगतात तसं म्हणाले, "पाऊस काय तुझी रजा बघून पडतो व्हय?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली. ते बसून राहिले. तिकडं पाऊस चालूच होता आणि घराला कुलूप होतं.